राजीनामा कोणाशी?

बुऱ्हाणपुरात भोंगा घेऊन फिरायचं तर दोन भाषा येऊन भागत नाही. कोणत्या वळणावर कोणती बंद करायची हेही यावं लागतं. एका गल्लीत "भाईयों और बहनों" म्हणावं, पुढच्या गल्लीत "बंधू-भगिनींनो", आणि पॉवरलूमच्या गल्लीत शिरलं की गप्प बसावं, कारण तिथे मागांच्या खडखडाटात कोणाचंच काही ऐकू जात नाही. माझी उमर याच कामात गेली. हिंदीवाले त्याला मुनादी म्हणतात, आपण दवंडी म्हणतो, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मुरलीभाऊ, जरा अलाउन्स करून टाका."

ऑटोच्या टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी, मांडीवर आवाजाचं मशीन आणि हातात माइक, एवढाच पसारा. बाहेरच्या माणसाला वाटतं, या धंद्यात ओरडता आलं की झालं. पण ओरडणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. शब्दाचं शेवटचं अक्षर ओढायचं आणि थांबायचं, कारण समोरच्या भिंतीवरून तुमचाच शब्द परत येत असतो. तो येऊन गेला की पुढचा सोडायचा. 'आज' आणि 'उद्या' म्हणायचं नाही, वार सांगायचा. नाहीतर ऐकणारा दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना बायकोला 'उद्या' म्हणून सांगतो आणि ती बिचारी परवा येऊन बसते.

गिऱ्हाइकं मात्र एकेक बहाद्दर भेटली. एका कापडवाल्याचं दुकान दर दिवाळीला कायमचं बंद व्हायचं. 'शेवटचे काही दिवस' ही दवंडी मी इतकी वर्षं दिली की आता त्याचा मुलगा ते दुकान बंद करतो आहे आणि धंदा जोरात आहे. एका आजींचा पोपट उडाला होता. मी म्हटलं, खूण सांगा. त्या म्हणाल्या, "हिरवा सांगून काय फायदा? सगळेच हिरवे. सांगा, शिव्या देतो म्हणून." मी विचारलं, कोणत्या भाषेत? "दोन्ही. पण मराठीत जास्त." मी तशी दवंडी दिली. लोकांनी आजूबाजूचे पोपट पकडून आणले, पण एकही तोंड उघडेना. आजींनी तरी सगळे ठेवून घेतले. म्हणाल्या, शिकतील हळूहळू.

तर अशा माझ्या ऑटोपाशी एके दिवशी एक तरुण बाई येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, पायात धुळीने भरलेल्या चपला. नाव सांगितलं, वत्सला. वडील महाराष्ट्रातून इकडच्या कागद कारखान्यात कामाला आलेले, बाई कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या. घरात मराठी, शाळेत हिंदी, त्यामुळे बोलताना वाक्य एका भाषेत सुरू व्हायचं आणि दुसरीत संपायचं. त्यांना खकनारच्या बाजाराच्या दिवशी दवंडी हवी होती. त्या भागात एका नाल्यावर मोठा तलाव बांधायचं घाटत होतं. काही गावं त्यात जाणार होती, पण कोणती आणि किती, ते कोणी सांगत नव्हतं. साहेबलोकांची नाराजी नको म्हणून दुसऱ्या भोंगेवाल्यांनी बाईंना वाटेला लावलं होतं. मी हो म्हटलं ते काही शौर्य म्हणून नाही. मला नसत्या चौकशीची खोड आहे. ही बाई करते काय, ते मला बघायचं होतं.

"काय सांगू?" मी माइक हातात घेऊन विचारलं.

"सांगा, बुधवारी शाळेच्या पटांगणात या. भाषण होणार नाही."

"बाई, सभेला बोलावतोय आणि भाषण नाही?"

"नाही. मला विचारायचं आहे. सांगायचं काहीच नाही."

एवढ्या वर्षांत भाषण नसल्याची दवंडी मी तेवढीच एक दिली. आणि सांगतो, पटांगण भरलं. नेत्याचं भाषण ऐकायला माणसं आणावी लागतात, पण भाषण नसलेली सभा कशी असते ते बघायला सगळे आपणहून आले. वत्सलाताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली. तलाव भरला तर पाणी तुमच्या दारात कुठपर्यंत येईल?

कोणालाच माहीत नव्हतं. एक म्हणाला मारुतीपर्यंत, दुसरा म्हणाला छे, मारुतीच्या डोक्यावरून जाईल. भांडण लागलं. धुरपताबाई नावाची एक बाई होती, नवरा गेलेला, तापट, स्वतःची कपाशी स्वतः करणारी. ती उठली आणि म्हणाली, "इथं बसून काहून भांडता? चाला, उतार पाहू." दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा अख्खा गाव नाल्याच्या उतारावर चालत निघाला. मीही गेलो. माझी काही गरज नव्हती, पण मला राहवलं नाही. चालून झाल्यावर लोक वाळूत बसले. बांधाची खूण होती त्या टेकाडापेक्षा आपलं घर खाली आहे, म्हणजे ते पाण्यात जाणार, हे त्यांना पायांनी चालून कळलं होतं.

पुढे वर्षानुवर्षं जी चळवळ चालली तिची पद्धत अशीच होती. मोजणीवाले आले की कोणी दगड उचलायचा नाही, घोषणा द्यायची नाही. विचारायचं. साहेब, ही साखळी कशाची? ही रेघ कुठे जाते? माझी विहीर रेघेच्या आत की बाहेर? आत असेल तर का? एकाचं संपलं की दुसऱ्याने तेच विचारायचं. मोजणीवाला भला माणूस असला तर उत्तरं देता देता त्याचा दिवस जायचा, आणि तापट असला तर तो साखळी टाकून निघून जायचा. मोजणी काही पुरी व्हायची नाही. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून ताईंना एकदा पकडून नेलं. तिथेही त्यांनी ठाणेदाराला विचारलं, "प्रश्न विचारणं कोणत्या कलमात बसतं?" ठाणेदाराने पुस्तक काढलं म्हणतात. खरंखोटं मला माहीत नाही, पण ही गोष्ट मी हिंदीत आणि मराठीत इतक्यांदा सांगितली आहे की आता ती माझीच वाटते.

तलाव मागे पडला. ताईंचं नाव पुढे आलं. पेपरात फोटो आले, दुसऱ्या राज्यांतून बोलावणी आली, आणि एका मोठ्या पक्षाने त्यांना लोकसभेचं तिकीट दिलं. चळवळीतल्या काहींना ते रुचलं नाही. धुरपताबाईला मात्र रुचलं. ती म्हणाली, "इथं लहान साहेबाले इचारत होती, आता मोठ्या साहेबाले इचारल."

त्या निवडणुकीत माझा ऑटो ताईंच्या प्रचाराला होता. इच्छापूरला सभा होती, महाराष्ट्राची हद्द जवळ, ऐकणारे सगळे मराठी. पक्षाचे एक पुढारी लांबून आले होते, शुद्ध हिंदी बोलणारे. ते हात उंचावून म्हणाले, "मैं आपके गाँव के लिए चेष्टा करूँगा! जीवनभर चेष्टा करूँगा!" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे चेष्टा म्हणजे काय ते सांगायला नको. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मागून एक म्हातारबा म्हणाले, "निदान खरं तर बोलला." ताईंनी पटकन माइक घेतला आणि म्हणाल्या, "पाहुण्यांना प्रयत्न म्हणायचंय. चेष्टा झालीच तर मी आहे ना इथे." टाळ्या पडल्या. शब्दाच्या या दोन तोंडांची ताईंना अशी पक्की जाण होती, म्हणून पुढचं जे घडलं त्याचं मला आजही नवल वाटतं.

ताई निवडून आल्या. पुढच्या खेपेलाही आल्या. मी एकदा दिल्लीला गेलो तेव्हा त्यांनी मला पास काढून दिला आणि मी वरच्या सज्जात बसून सभागृह पाहिलं. सगळे लोक खाली बोलणाऱ्यांकडे बघत होते, मी माइककडे बघत होतो. प्रत्येकापुढे माइक, पण चालू-बंद करायचं बटण दुसऱ्याच माणसाकडे. तुमची पाळी आली की माइक जिवंत होतो, वेळ संपली की मरतो. मी ताईंना म्हटलं, "ताई, मशीन आपल्या मांडीवर नसलं तर मला एक शब्द सुचणार नाही." त्या हसल्या. म्हणाल्या, "सवय होते, मुरलीभाऊ." मला ते हसणं आवडलं नव्हतं, आज सांगतो.

कारण त्यांच्यात फरक पडत होता आणि तो मला आवाजात ऐकू येत होता. माणसाचा स्वभाव मला कळत नाही, आवाज कळतो. विचारणाऱ्याचा आवाज वाक्याच्या शेवटी वर जातो आणि उघडा राहतो. सांगणाऱ्याचा खाली येऊन बंद होतो. ताईंची वाक्यं हळूहळू बंद व्हायला लागली होती. सडक मंजूर केली. निधी आणला. निश्चिंत राहा. यात खोटं काही नव्हतं, सडक खरंच झाली, त्याच सडकेवरून माझा ऑटो जायचा. पण पूर्वी सभेहून परतताना लोक आपसात भांडत यायचे, आता जांभया देत यायचे.

आणि मग तो तलाव परत आला. नाव नवीन, आकार मोठा, आणि आणणारं सरकार ताईंच्याच पक्षाचं. देडतलाईच्या बाजूची आणखी काही गावं त्यात धरली होती. लोकांनी ताईंकडे धाव घेतली. ताई मंत्र्यांना भेटल्या, कमिटीत बोलल्या, आश्वासनं घेऊन आल्या. शेवटी इच्छापूरला सभा लावली. माझ्याच भोंग्यावर ताई म्हणाल्या, "तलाव झाला तर मी राजीनामा देईन. राजीनाम्याला मी तयार आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही मशीन सोडून टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी खूप बरं वाटलं, जुन्या ताई परत आल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी मी खकनारच्या पुढे धुरपताबाईच्या गावात दवंडी द्यायला गेलो. ग्रामसभा भरणार होती. तलावाला गावाची संमती आहे की नाही, त्यावर हात वर होणार होते, आणि गावाने एकदा हो म्हटलं की कोणाच्या सभेचा काही उपयोग राहणार नव्हता. मी पहिलं वाक्य बोललो आणि बायांनी ऑटो अडवला. पुढे धुरपताबाई. केस पांढरे झालेले, आवाज तोच.

"कायले आला रे मुरली? तुही ताई राजीनामा करून आली ना?"

"केला नाही मावशी, देणार आहे."

"देऊन बी टाकनार? सगळंच?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "तुमच्यासाठीच देताहेत!"

"आमच्यासाठी?" ती इतकी जोरात ओरडली की माझ्या माइकने शिट्टी मारली. "आमाले इचारलं का तिनं?"

एका मुलीने मोबाइल पुढे केला. इच्छापूरच्या सभेचा तुकडा होता, इकडून तिकडे फिरत आलेला. ताई मूठ वळून म्हणत होत्या, "राजीनाम्याला मी तयार आहे!" खाली कोणीतरी हिंदीत लिहिलं होतं, ताई राजीनामे को तैयार. मुलगी म्हणाली, "काका, देखो ना. खुद बोल रही है. आता काय राहिलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं. पण आमच्या तहसिलीच्या कोर्टात भाऊ भावाशी बांधावरून भांडतो, दहा तारखांना चकरा मारतो, आणि दोघं थकले की वकील म्हणतो, अब राजीनामा कर लो. म्हणजे तडजोड. थोडं तू सोड, थोडं तो सोडेल, अंगठे लावा आणि घरी जा. खकनार-देडतलाईकडच्या माणसाने राजीनामा हा शब्द कोर्टाच्या ओसरीवरच ऐकलेला असतो. खुर्ची सोडण्याशी त्याचा संबंध त्यांना कोण सांगणार? त्यांच्यातल्या कोणाला खुर्ची होती? ताईंना हा अर्थ ठाऊक नव्हता असं नाही, चळवळीत त्यांनी कोर्टाच्या कमी चकरा मारल्या नव्हत्या. पण दिल्लीत राहून त्यांच्या कानात पेपरातला राजीनामा बसला होता आणि कोर्टातला पुसला गेला होता.

गावात तर बोलणं पुढे गेलं होतं. तलावाच्या कामाकडची माणसं घरोघर सांगत होती, तुमच्या ताईंनीच राजीनामा केलाय, आता अडून काय मिळणार? ती माणसं फसवत होती असंही मला वाटत नाही, त्यांनाही तसंच कळलं असणार. जे कधी हलले नव्हते ते म्हणू लागले होते की ताईच फिरली तर आपण कोणाच्या जिवावर उभं राहायचं, हात वर करून टाकू आणि मिळेल ते घेऊ.

मी भोंग्यावरून सांगायचा प्रयत्न केला. राजीनामा म्हणजे तो राजीनामा नव्हे, हा राजीनामा, असं काहीतरी बोललो. पोरं हसायला लागली. भोंग्यावरून खबर देता येते, खुलासा करता येत नाही. खुलाशाला समोर माणूस लागतो, त्याने मध्येच तोडून विचारावं लागतं. मी ऑटो बाजूला घेतला आणि ताईंना फोन लावला. म्हटलं, "ताई, ग्रामसभेला स्वतः या. आणि भाषण लिहून आणू नका."

त्या आल्या. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट शाळेच्या पटांगणात उतरल्या. नेहमी गाडीभोवती गर्दी व्हायची, त्या दिवशी कोणी उठलं नाही. एका टेबलामागे साहेबमंडळी बसली होती. ताईंनी नमस्कार केला, माइक घेतला आणि तोंड उघडणार तोच धुरपताबाई उभी राहिली.

"आधी मले सांग. राजीनामा कोनाशी केला?"

ताई गोंधळल्या. "कोणाशी म्हणजे? राजीनामा अध्यक्षांकडे द्यायचा असतो, मावशी."

"म्हंजे अध्यक्षाशी केला."

"केला नाही अजून. देईन म्हटलं."

"आन् त्यानं तुले काय दिलं?"

"ते काय देणार? ते मंजूर करतील."

पटांगणात कुजबूज वाढली. मंजूर हा शब्द तर आणखी वाईट होता, कोर्टातली तडजोडही शेवटी मंजूरच होते. ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही बोलणार, तेवढ्यात धुरपताबाईच पुढे म्हणाली, "मी केलता राजीनामा दिराशी, विहिरीवरून. निम्मं पानी गेलं माझं. तू कितीक पानी सोडून आली तेवढं सांग, म्हंजे आमी हात वर करून घरी जातो."

ताईंचा चेहरा मला दिसत होता. आधी त्यांना हसू आलं, मग ते एकदम गेलं. त्या माइक बाजूला ठेवून खाली आल्या आणि बायांच्या समोर सतरंजीवर बसल्या. "मावशी, माझा राजीनामा कोर्टातला नव्हे गं. मी कोणाशी काही केलेलं नाही. मी म्हटलं होतं, तलाव झाला तर खासदारकी सोडीन. खुर्ची. दिल्लीतली."

हे मागपर्यंत पोचायला वेळ लागला. एकाने दुसऱ्याला सांगितलं, हिंदीत सांगितलं, तिकडच्या आदिवासींच्या कोरकूत सांगितलं. मग हसू फुटलं. एक जण म्हणाला, "अरे, इस्तीफा! ऐसा बोलना था ना ताई!" पटांगण सैल झालं. मी मशीनवर पडलेला माझा घाम पुसला. मला वाटलं, संपलं.

धुरपताबाई हसली नव्हती. ती उभीच होती. सगळे शांत झाल्यावर तिने विचारलं, "कधी?"

"काय कधी?"

"खुर्ची कधी सोडशील?"

"तलावाचं काम सुरू झालं तर."

"म्हंजे पानी दारात आल्यावर. तवा तुही खुर्ची घेऊन आमी काय करू? तिच्यावर बसून पोहू?"

ज्या बाईने आयुष्यभर लोकांना विचारायला शिकवलं, तिलाच आता विचारलं जात होतं, आणि मला त्यांची दया आली. साहेबमंडळी घड्याळ बघत होती. शेवटी ताई इतकंच म्हणाल्या, "मला थोडे दिवस द्या." गावाने हात वर केले नाहीत. ग्रामसभा पुढच्या महिन्यावर गेली.

त्या दिल्लीला गेल्या, आणि काही दिवसांनी मला बुऱ्हाणपूर स्टेशनवरून फोन आला. "मुरलीभाऊ, ऑटो आणा. भोंगा लावून आणा." मी गेलो. बरोबर कोणी नव्हतं, ना पोलीस ना कार्यकर्ते, हातात एक पिशवी. त्या माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आज मी बोलते."

मी म्हटलं, माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा, शेवटचं अक्षर ओढा. त्यांनी ओढलं. खकनारहून देडतलाईपर्यंत प्रत्येक गावात त्यांनी दोन्ही भाषांत सांगितलं: "मी खासदारकी सोडली आहे. मैंने सांसदी छोड़ दी है. तलावाला माझी संमती नाही." राजीनामा हा शब्द एकदाही उच्चारला नाही. देडतलाईच्या बाजारात एक मिरचीवाला ऑटोपाशी आला. दवंडीत 'मी' नसतो, दवंडी दुसऱ्याची असते, म्हणून बिचाऱ्याचा घोळ झाला होता. तो मला म्हणाला, "भैया, ये किसका अलाउन्स है?" मी शेजारी बोट दाखवलं. त्याने वाकून आत पाहिलं आणि मिरच्यांचे हात कपाळाला लावून नमस्कार केला. मग डोळे चोळत बसला.

धुरपताबाईच्या दारात आम्ही थांबलो. ती बाहेर आली, ताईंकडे बघतच राहिली.

"खरंच सोडली?"

"सोडली."

"अव माय, मी तर नुसतं इचारलं होतं! लगेच सोड म्हटलं का? आता दिल्लीत आमचं कोन बोलनार?"

ताईंनी डोक्याला हात लावला. मग त्या दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता ताई रडल्या. मी ऑटोचं चाक बघायचं निमित्त करून दुसरीकडे गेलो.

पुढच्या ग्रामसभेत गावाने नाही म्हटलं. आजूबाजूच्या गावांनीही नाही म्हटलं. तलावाचा कागद फेरविचारासाठी गेला आहे आणि अजून तरी परत आलेला नाही. या दिवाळीत तिथे कपाशी वेचताहेत. पण धुरपताबाई म्हणाली ते खोटं ठरलं नाही. नवे खासदार आले, त्यांना खकनारचा रस्ता ठाऊक नाही, आणि आमच्या भागासाठी दिल्लीत कोणी तोंड उघडत नाही. ताईंनी केलं ते बरोबर की चूक, यावर बुऱ्हाणपुरात चहाच्या टपऱ्यांवर अजून दोन तट आहेत. मी कधी या तटात असतो, कधी त्या.

माझा धंदाही आता पेनड्राइव्हवर गेला. माझा आवाज भरून ठेवलाय, मी घरी काढा पितो आणि माझा आवाज गल्लीतून फिरतो. मागे एकदा तो मला अशा उमेदवाराला मत द्या म्हणत होता, ज्याला मी दारात उभा करणार नाही. असो. मशीन मांडीवर नसलं की असं होतं.

ताई पुन्हा कारखान्याच्या कॉलनीत राहतात, भावाच्या शेजारी. परवा मी मावा जिलबी घेऊन गेलो होतो. इतकी वर्षं जे विचारावंसं वाटत होतं ते विचारून टाकलं. "ताई, लोकांना त्या दिवशी शब्द बरोबर कळला असता, सगळ्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या, तर तुम्ही दिला असता का राजीनामा?"

मला वाटलं, त्या जरा विचार करतील.

"नसता दिला," ताई म्हणाल्या. "तिनं 'कधी' विचारलं ना, तेव्हा मला कळलं की मी देणार नव्हते. म्हणून तर दिला."